केळीच्या वखारीचा वापर

तोताराम नाना भंगाळ्यांनी जन्मात एकदाच कुणाला काही मोठ्या मनानं द्यायचं ठरवलं, आणि ते नगरपालिकेनं देऊ दिलं नाही. देणं बायकोला होतं, आणि द्यायची होती ती वडिलांच्या हातची केळीची वखार.

ही बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. गाव जळगावच्या पूर्वेला, रेल्वेच्या रस्त्यावर. गावाचं नाव सांगत नाही, कारण गाव अजून तिथंच आहे आणि तिथली माणसं वाचायला शिकली आहेत.

नाना रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. दिल्लीकडे जाणारे केळीचे डबे त्यांच्या सहीशिवाय हलत नसत. नोकरी बहुतेक रात्रीची. गाडी कधी येईल हे गाडीलाही माहीत नसायचं. त्यामुळे निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, नातवंडं खेळवतात, तसलं काही नानांच्या मनात आलं नाही. त्यांनी ओसरीवर खाट टाकली. दुपारचं जेवण झालं की पान खायचं, डाव्या कुशीवर वळायचं आणि चहाच्या वासानं उठायचं. नानांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते की सरकार पेन्शन देतं ते यासाठीच.

एके दिवशी जेवताना कुंदाबाई म्हणाल्या, "अहो, आपला शिवणवर्ग मंजूर झाला."

कुंदाबाई जळगावला शिवणकामाची परीक्षा पास झालेल्या होत्या. वर्गासाठी त्या किती तरी दिवसांपासून अर्ज करत होत्या. आता सरकारी खात्यानं मशिनी द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच होती. जागा योग्य पाहिजे. तपासणीच्या बाई येऊन जागा बघणार, आणि त्यांना ती पटली नाही तर मशिनी चोपड्याला जाणार.

"चांगलं झालं," नाना म्हणाले. "कुठं भरवणार?"

"ओसरीवर."

"सकाळी?"

"सकाळी कुठल्या पोरी मोकळ्या असतात? बारा ते चार."

नानांनी घास तोंडात तसाच धरून ठेवला. बारा ते चार. पाच-सहा मशिनी, आणि त्या चालवणाऱ्या गावच्या पोरी. मशीन थांबलं तर पोरी बोलणार, पोरी थांबल्या तर मशीन बोलणार. नानांनी घास गिळला आणि तिथंच त्यांचं मन मोठं झालं.

"अगं, बायामाणसांनी असं दाटीवाटीनं का बसावं?" ते म्हणाले. "आपली वखार रिकामी आहे. तिथं भरव. ऐसपैस."

कुंदाबाईंनी नवऱ्याकडे निरखून बघितलं. संसारात त्यांनी पुष्कळ काही बघितलं होतं, पण हे नव्हतं. मग त्यांनी त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

वखार घराला लागूनच होती. नानांचे वडील तिथं धूर देऊन केळी पिकवायचे. चार जाड भिंती, वर मातीचं धाबं आणि एक बुटकं दार. खिडकी एकही नाही. खिडकी ठेवली तर धूर राहत नाही, आणि धूर राहिला नाही तर केळी पिकत नाही. पुढं माल हिरवाच डब्यात भरून दिल्लीला जायला लागला, तशी वखार बंद पडली. म्हणजे नानांच्या सहीनंच नानांची वखार बंद पाडली असं म्हणता येईल, पण तसं कुणी म्हणत नसे.

नानांनी मगन गवंड्याला बोलावलं आणि भिंतीवर कोळशानं चौकोन काढून दिला. "इथं एक खिडकी पाड."

मगननं पहार उचलली तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून झुलाल आप्पा ओरडले, "परवानगी काढली का?"

झुलाल आप्पांचा पन्हाळीच्या पाण्यावरून भाऊबंदांशी धुळ्याच्या कोर्टात दावा झाला होता. तो ते हरले होते. पण जिंकणारा माणूस घरी जाऊन झोपतो आणि हरणारा कायदा वाचत बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि गावाला ते पटलेलं होतं.

"माझ्या भिंतीला माझी खिडकी," नाना म्हणाले. "परवानगी कुणाची?"

"असंच मीही म्हणालो होतो. पहिल्या तारखेला."

पहार खाली ठेवून मगननं बिडी पेटवली. शेजारचे मांगीलालजी कापडवाले दुकानातून कापड मोजायचा गज हातात घेऊनच बाहेर आले. त्यांना हा वर्ग मनापासून हवा होता. शिकणारी पोरगी कापड आधी वाया घालवते आणि मग परत विकत घेते, हे त्यांना ठाऊक होतं.

"नानासाब, गुपचूप पाडून टाका," ते म्हणाले. "मागाहून कोण विचारतं? म्हणा, खिडकी पहिल्यापासूनच आहे."

"धुराच्या वखारीला खिडकी?" आप्पा म्हणाले. "शेंबडं पोर तरी विश्वास ठेवील का?"

दोघांचं तिथं बराच वेळ चाललं. त्यात मगनची रोजी भरली. संध्याकाळी त्यानं कोळशाचा चौकोन तेवढा पुसून दिला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी नाना धुतलेला सदरा घालून नगरपालिकेत गेले. इमारतींचं काम बोंडे नावाच्या ओव्हरसियरकडे होतं. तरुण मुलगा, नवीन नोकरी. नियमांचं पुस्तक त्यानं खाकी कागदाचं कव्हर घालून ठेवलं होतं. बोंडे कुणाकडून काही घेत नसे. चहासुद्धा स्वतःच्या पैशानं प्यायचा. पंचाईत तिथूनच सुरू झाली.

"नाना, बसा," बोंडे म्हणाला. "तुमची वखार मला माहीत आहे. ती नियमात बसत नाही."

"ती बांधली तेव्हा तुमचे नियम नव्हते. तुम्हीही नव्हता."

"म्हणूनच ती उभी आहे. नियमाच्या आधीची इमारत आहे तशी राहू शकते. पुढची भिंत रस्त्याच्या रेषेत आलीय, उंची कमी आहे, उजेड नाही, पण आपण काही म्हणत नाही. फक्त तिचा वापर बदलला की ती नवी इमारत धरायची, आणि नव्या इमारतीला सगळे नियम लागतात."

"वापर म्हणजे?"

"केळीच्या जागी माणसं. केळीला हवा लागत नाही, माणसांना लागते. वर्गाला खिडक्या पाहिजेत."

"तेच तर म्हणतोय. खिडकीची परवानगी द्या."

बोंडेनं पुस्तक उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "ती देता येत नाही. रस्त्याच्या रेषेत आलेल्या भिंतीला हात लावायचा नाही. लावला तर तिचं जुनेपण जातं, आणि भिंत पाडून मागं घ्यावी लागते."

नानांनी दोन बोटं मोजली. "म्हणजे खिडकी असल्याशिवाय वर्ग नाही, आणि खिडकी पाडली तर वखार नाही."

"बघा!" बोंडे खूश झाला. "आमच्या साहेबांना हे समजायला आठवडा लागला होता."

नाना घरी आले आणि जेवून आडवे झाले, पण झोप लागली नाही. असं निवृत्तीनंतर पहिल्यांदाच झालं. कुंदाबाई आतल्या खोलीत खडूनं फरशीवर वखारीतल्या मशिनींच्या जागा आखून बघत होत्या, त्या खडूचा आवाज त्यांना ओसरीवर ऐकू येत होता.

"जमत नसेल तर राहू द्या," कुंदाबाई आतूनच म्हणाल्या. "ओसरी आहेच."

"जमतं कसं नाही!" नाना उठून बसले. "रतिलालला बोलाव."

रतिलाल हा कुंदाबाईंचा भाऊ. धुळ्याला देवपुरात राहायचा आणि एका इंजिनियरकडे नकाशे काढायचा. तो नकाशाच्या गुंडाळ्या काखेत मारून आला, एक पूर्ण दिवस वखार मोजत बसला, भाचीच्या लग्नाला बोलावल्यासारखा दोन्ही वेळ जेवला आणि रात्रीच्या पानाबरोबर त्यानं तोड सांगितली.

"दाजी, पुस्तकातच वाट आहे. खिडक्या मागच्या भिंतीला घ्यायच्या, ती रस्त्याच्या रेषेत नाही. आणि नवा वापर जुन्यापेक्षा कमी धोक्याचा असला तर मुख्य अधिकारी बाकीच्या नियमांत सूट देऊ शकतात. तुमचा जुना वापर काय? विस्तव आणि धूर. नवा काय? सुई आणि दोरा. कमी धोका कशाला म्हणायचं आणखी?"

कुंदाबाईंनी भावाला दुसऱ्यांदा शिकरण वाढलं. नानांना मेहुण्याबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

बोंडेलाही ही तोड फार आवडली. त्यानं ती दोनदा वाचली आणि मग पेन्सिल टेबलावर ठेवली. "एक अडचण आहे. वखार किती वर्षं बंद आहे?"

"झाली असतील बरीच."

"मग जुना वापर संपला, नाना. वर्षभर बंद राहिला की संपतो. आता त्या जागेचा वापर काहीच नाही, आणि काहीच न करण्याचा धोकाही काहीच नाही. त्याच्यापेक्षा कमी धोक्याचं काम मला तरी पुस्तकात सापडत नाही."

"मग मी करू काय?"

बोंडे खूप मनापासून विचार करून म्हणाला, "वापर पुन्हा चालू करा. एकदा केळी पिकवा. मी स्वतः येऊन बघतो, तसं लिहितो, आणि मग आपण तो बदलू."

अशा रीतीनं शिवणवर्ग काढायला निघालेल्या नानांनी केळी पिकवायला घेतली.

नानांना यात अवघड काही वाटलं नाही. आयुष्य केळीत गेलं होतं. फक्त त्यांच्या हातून गेलेलं प्रत्येक केळ हिरवं होतं, ही गोष्ट त्या वेळी त्यांच्या ध्यानात आली नाही. चोपड्याकडचा निंबा आबा गाडीभर घड घेऊन आला. तो वडिलांच्या वेळेपासूनचा शेतकरी. त्यानं वखारीत एक चक्कर मारली आणि नानांकडे संशयानं बघितलं.

"नाना, हाई सोपं काम नही शे. एकच मडकं ठेव गोवऱ्यासनं. धूर गरम नको, नुसता कोंडायेल पाहिजे."

"आबा, मी हजारो डबे पाठवलेत."

"धाडात खरं. पिकाडात का कधी?"

नानांनी धोतर खोचलं. घड रचले, वर वाळलेली पानं घातली. मडकी मात्र एकाच्या जागी चार ठेवली. ओव्हरसियर बघायला येणार होता, त्याला वापर ठसठशीत दिसायला हवा होता. मग दार लावून फटी शेणामातीनं लिंपल्या आणि नाना ओट्यावर बसले, कारखानदारासारखे.

धाबं बरीच वर्षं कुणी लिंपलेलं नव्हतं. धुराला ते आधी कळलं. तो धाब्यातून वर आला, वाऱ्यानं वळला आणि सरळ झुलाल आप्पांच्या माजघरात गेला. आप्पा खोकत बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काठी होती आणि तोंडात कलमाचा नंबर. निम्मा धूर मांगीलालजींच्या दुकानात शिरला आणि नव्या पांढऱ्या मलमलीवर बसला. कुणी तरी पोरानं धावत जाऊन नगरपालिकेत सांगितलं की नानांचं घर पेटलं.

पाण्याचा बंब आला. माणसांनी दार फोडलं आणि आत पाण्याचा फवारा सोडला. निंबा आबा गाडीवर उभा राहून ओरडत होता, "अरे, पानी नका मारा रे! बठ्ठं वाया जाई!" पण बंब रोज रोज निघत नसे, त्यामुळे बंबवाल्यांना थांबायची घाई नव्हती.

याच गर्दीत बोंडे पोचला. धुरात उभा राहून, डोळ्यांतून पाणी गाळत, तो जे दिसेल ते टिपून घेत होता.

"नाना, उत्तम!" तो खोकत म्हणाला. "यापेक्षा धोक्याचा वापर मी नोकरीत बघितला नाही. आता सूट मिळालीच म्हणून समजा."

सगळ्या गल्लीसमोर काळ्या तोंडानं आणि ओल्या धोतरानं उभ्या असलेल्या नानांचं त्या वेळी कुणी अभिनंदन केलं असेल तर ते एवढंच.

केळी पिकली, पण आपापल्या मर्जीनं. मडक्यांजवळची शिजली, कोपऱ्यातली हिरवीच राहिली, आणि मधली सगळी एकाच दिवशी पिकून बसली. एकाच दिवशी पिकलेली केळी ही पाहुण्यांसारखी असतात, उद्या या म्हणता येत नाही. कुंदाबाईंनी शिकरण केलं, हिरव्याची भाजी केली, पुरीत केळ घातलं, शेवटी भाकरीच्या पिठात घालून बघितलं. नानांनी टोपली घेऊन घरोघर वाटली. आप्पांनी एक फणी परत केली आणि दुसरी ठेवून घेतली. त्या दिवसापासून गावात नानांना कुणी मालधक्क्याचे नाना म्हणेना. पत्ता विचारला तर लोक सांगायचे, "धूरवाले नाना का? बंब आला होता तेच ना?" नानांना नोकरीबाहेर मिळालेलं हे पहिलं विशेषण.

सूट खरंच मिळाली. त्यात एक अट होती. वर्गात बाया जमणार, तेव्हा धावपळीच्या वेळी बाहेर पडायला मोकळ्या जागेकडं दुसरं दार हवं. मोकळी जागा मागच्या बाजूला होती, पण ती झुलाल आप्पांची, आणि तिथं त्यांची म्हैस बांधलेली असे.

"धावपळ झाली तर बाया माझ्या म्हशीवर येणार?" आप्पा म्हणाले.

"धावपळ व्हायची कशाला, आप्पा? शिवणकाम आहे."

"मग दार कशाला?"

हे बोंडेला विचारायला जायची नानांच्यात ताकद उरली नव्हती. शिवाय तपासणीच्या बाई उद्या येते असं कळवून मोकळ्या झाल्या होत्या.

बाई आल्या. चष्मा, छत्री, इस्त्रीची पांढरी साडी. नानांनी पाहुण्यांना सरळ वखारीकडं नेलं. कंदील आधीच पेटवून ठेवला होता. बाई वाकून आत गेल्या. आतून काही वेळ नुसता त्यांच्या श्वासाचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा साडीच्या खांद्यावर काजळीचा पट्टा होता आणि चपलेला जुनं केळ चिकटलेलं होतं.

"इथं मुली सुईत दोरा कसा ओवणार?" त्यांनी विचारलं.

"मागं खिडक्या होणार आहेत. मंजूर आहेत. दाराचं म्हशीपाशी अडलंय."

बाईंनी वहीत काही लिहिलं. कुंदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत दारात उभ्या होत्या. त्यांनी नानांना एका शब्दानंही टोचलं नाही, आणि म्हणूनच नानांना त्यांच्याकडे बघवेना. बायको किती वर्षं मशिनीच्या चाकाचं स्वप्न बघत होती, हे त्यांना पहिल्यांदा त्या गुंडाळलेल्या पदरात दिसलं. मशिनी चोपड्याच्या वाटेला लागल्या होत्या, बाईंनी फक्त चहापुरतं थांबायचं कबूल केलं होतं.

चहा ओसरीवर झाला. बाईंनी कप तोंडाला लावला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. तीन बाजूंनी उजेड, वारा, दोन्हीकडं दारं, खाली स्वच्छ फरशी.

"ही जागा कशाला वापरता?"

सगळे नानांकडे बघायला लागले. कुंदाबाईसुद्धा. झोपायला, हा शब्द नानांच्या अगदी ओठांवर आला होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना कुणी काही बोलायला भागही पाडलं नव्हतं.

"कशालाच नाही," नाना म्हणाले. "रिकामीच असते."

बाईंनी चहा संपायच्या आत सही केली. बाईंना निरोप द्यायला आलेल्या बोंडेला नानांनी खालच्या आवाजात विचारलं, "आता ह्या घराचाही वापर बदलायचा का?"

"नाही नाही," बोंडे म्हणाला. "राहत्या घरात बाईनं शिवणकाम करायला काहीच लागत नाही. तुम्ही मला वखारीचंच विचारलं, म्हणून मी वखारीचंच सांगत गेलो."

वर्ग सुरू झाला. बारा वाजले की ओसरीवर मशिनी धडधडायच्या आणि पोरी हसायच्या. मांगीलालजी गजभर कापड खांद्यावर टाकून सारखे ये-जा करायचे. कुंदाबाईंचा आवाज नानांना कधी एवढा मोठा वाटला नव्हता. त्यात रागाचं काही नव्हतं. त्या आनंदात होत्या, आणि आनंदी माणूस मोठ्यानंच बोलतो. नाना पहिला आठवडा आतल्या खोलीत झोपायचा प्रयत्न करून बघत होते. मग एके दुपारी त्यांनी खाट उचलली आणि वखारीत नेली.

वखारीत घड रचलेले होतेच. वापर पुन्हा वर्षभर बंद पडला तर ह्या सगळ्या धुराचं चीज काय, म्हणून नाना थोडी केळी पिकवत ठेवायचे, आता एकाच मडक्यावर, आणि धूर फक्त रात्री. आत गारवा होता. भिंती एवढ्या जाड की मशिनीचा आवाज दारापाशीच थकायचा. उजेड नाही, माशी नाही, माणूस नाही. नाना डाव्या कुशीवर वळले. पिकत्या केळीच्या वासात त्यांना जी झोप लागली तशी मंत्र्याला लागत नसेल. उठल्यावर त्यांच्या मनात आलं, वडिलांनी ही वखार केळीसाठी बांधली हीच मुळात चूक.

असे काही दिवस सुखात गेले. मग फिरतीवरून जाताना बोंडे सहज डोकावला.

"नाना, ही खाट?"

नाना उठून बसले. "हं. खाट आहे."

"वखारीत खाट कशाला?"

"जरा पडायला."

बोंडेचा चेहरा उतरला. त्यानं खाकी पुस्तक काढलं, पण उघडलं नाही. पान त्याला पाठ होतं. "नाना, पडायला म्हणजे राहण्याचा वापर झाला. वखारीचं घर झालं. विनापरवाना."

"अरे, मी झोपतो फक्त!"

"झोपणं हे राहण्यातच येतं. आणि राहायचं म्हटलं तर उजेड आणि हवा..."

"नको मला उजेड!" नाना ओरडले. तशी ओसरीवरच्या मशिनी एकदम थांबल्या. "हवाही नको! मी तुमच्याकडं काही मागितलं का?"

बोंडेला फार वाईट वाटलं. तो माणूस खरोखर चांगला होता. उंबऱ्यावर बसून त्यानं शेवटी पुस्तक उघडलं आणि बराच वेळ चाळलं. नाना खाटेच्या कडेला, निकाल ऐकायला आलेल्या आरोपीसारखे बसून राहिले.

"सापडलं," बोंडे म्हणाला. "वखारीला रखवालदार ठेवता येतो. रखवालदार हा वखारीच्याच वापरात मोडतो. पण रखवालदार आडवा नसतो, नाना. खाट बाहेर काढावी लागेल. बसायला काही चालेल."

नानांनी खाट बाहेर काढून भिंतीला उभी केली. घरातून लाकडी खुर्ची आणली, घडांच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर पाठ टेकून बसले. बोंडेनं ते नीट बघून घेतलं. मग तो वळला, चार पावलं गेला, आणि परत दाराशी आला.

"नाना," तो हळूच म्हणाला, "डोळ्यांबद्दल पुस्तकात काही नाही."

नानांनी त्याच्या देखत डोळे मिटले.